मनगट जोडण्याची शस्त्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनगटाच्या जोडणीचा सल्ला मिळाल्यावर रुग्ण आणि त्यांच्या घरचे पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ओपीडीत वेळ कमी असतो आणि मनातलं निम्मं तिथे सुचतही नाही. तुमच्या एक्स-रेवर काय दिसतंय हे तुमचे डॉक्टरच सांगू शकतील. त्यांना काय विचारायचं, ते मात्र इथून घेऊन जा.

१. मनगट 'फिक्स' करतात म्हणजे नेमकं काय करतात?

मनगटात एकच सांधा नसतो. कोपराकडून येणारी रेडियस आणि अल्ना ही दोन हाडं, त्यांच्यापुढे दोन ओळींत बसलेली आठ लहान हाडं आणि मग तळहातातली पाच हाडं, अशी ती रचना आहे. संधिवाताने किंवा जुन्या फ्रॅक्चरमुळे या हाडांवरची गुळगुळीत कूर्चा, म्हणजे ज्याला सगळे 'गादी' म्हणतात ती, झिजली की हाडावर हाड घासतं. पूर्ण जोडणीत उरलीसुरली कूर्चा खरवडून काढतात, रेडियसपासून मधल्या बोटाच्या तळहातातल्या हाडापर्यंत सगळं एका रेषेत आणतात, फटींमध्ये हाडाचा चुरा भरतात आणि वरून प्लेट-स्क्रूने आवळतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ही हाडं एकमेकांत मिसळून अखंड होतात. घासायला सांधाच उरत नाही, म्हणून त्या सांध्याचं दुखणं थांबतं. प्लेटचं काम तोवर हाडं हलू न देणं, एवढंच.

२. मग हात पूर्ण कडक होणार का?

नाही. मनगट वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळणं थांबतं. बोटं आणि अंगठा हलतात, मूठ वळते. तळहात पालथा-उताणा करण्याची हालचाल मनगटाच्या वाकण्यातून येत नाही; ती रेडियस अल्नाभोवती फिरल्याने होते आणि जोडणीत तिला हात लावत नाहीत. त्यामुळे किल्ली फिरवणं, तांब्यातून पाणी ओतणं, प्रसादाला हात पुढे करणं जमतं. रेडियस आणि अल्ना यांच्यामधला सांधाही खराब असेल तर त्याचं वेगळं काम करावं लागतं (प्रश्न १७ पाहा).

३. दुखतं खरं, पण थोडं हलतंही. ते थोडं कशाला घालवायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो विचारलाच पाहिजे. शस्त्रक्रियेपर्यंत आलेल्या बहुतेकांच्या मनगटात हालचाल थोडीच उरलेली असते आणि तीही दुखऱ्या टप्प्यातली. भांडं उचलताना ते स्वतःच मनगट ताठ धरतात. म्हणजे वेदनेने हालचाल आधीच नेलेली असते.

पण हे दुसऱ्याने सांगून पटत नाही, पटूही नये. त्यासाठी सोपी चाचणी आहे. मनगट न वाकू देणारं प्लॅस्टर किंवा घट्ट स्प्लिंट दोन-तीन आठवडे घालून रोजची सगळी कामं करून पाहा: स्वयंपाक, आंघोळ, मोबाइल, बसमधला दांडा. दुखणं उतरलं आणि कामं निभली, तर उत्तर मिळालं. दुखण्यापेक्षा अडचणच जास्त झाली, तर अजून थांबा. एक लक्षात ठेवा: स्प्लिंट तळहाताचा भाग झाकतं, त्यामुळे पकड प्रत्यक्षात असेल त्याहून कमजोर वाटते. ही चाचणी न करता तारीख घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

४. कोणत्या आजारात ही शस्त्रक्रिया करतात?

आमवात, म्हणजे रुमेटॉइड संधिवात, हे एक मोठं कारण. दुसरं, जुन्या दुखापती. त्यात स्कॅफॉइड या छोट्या हाडाचं फ्रॅक्चर फार फसवं असतं. पडल्यावर 'मुरगळलंय' म्हणून चोळून घेतलं जातं, महिनाभरात दुखणं कमी होतं आणि हाड तसंच न जुळता राहतं. त्याला रक्तपुरवठा बोटांकडच्या बाजूने होत असल्याने कोपराकडचा तुकडा सहज उपाशी राहतो. काही वर्षांनी अख्खं मनगट झिजलेलं सापडतं. किनबॉकचा आजार म्हणजे ल्युनेट या हाडाचा रक्तपुरवठा बिघडून ते चपटं होणं. व्हिएन्नाचे रेडिओलॉजिस्ट रॉबर्ट किनबॉक यांनी १९१० साली त्याचं वर्णन केलं. तरुण, अंगमेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषांत तो जास्त दिसतो.

याशिवाय क्षयरोगाने नासलेलं मनगट, रेडियसच्या टोकाला झालेली गाठ काढल्यावर पडलेली पोकळी, अपघातात खांद्याजवळच्या नसांचं जाळं तुटून लुळा पडलेला हात आणि निकामी झालेला कृत्रिम सांधा, यांतही जोडणी करतात. क्षयरोगात औषधांचा कोर्स पूर्ण करावाच लागतो. जोडणी त्याला पर्याय नाही.

५. आईला आमवात आहे. औषधांनीच भागणार नाही का?

सांधा सुजलेला आहे पण एक्स-रेमध्ये हाडं शाबूत आहेत, अशा टप्प्यावर औषधं, इंजेक्शन आणि स्प्लिंट यांनीच भागवावं. मेथोट्रेक्सेट आणि नंतर आलेली बायोलॉजिक औषधं वेळेवर सुरू झाली, तर पुष्कळांवर ही वेळ येतच नाही. मात्र आठ हाडं झिजून एकमेकांना चिकटली असतील किंवा हात रेडियसवरून तळव्याच्या बाजूला घसरला असेल, तर औषध पुढची पडझड रोखतं, झालेली उलटवत नाही.

आमवातात आणखी एक गोष्ट असते. मनगट एका बाजूला कलतं आणि बोटं उलट दिशेला करंगळीकडे झुकतात. घरच्यांना दिसतात ती वाकडी बोटं, म्हणून 'आधी बोटं सरळ करा' असा आग्रह होतो. मनगट वाकडंच ठेवून बोटं सरळ केली तर ती पुन्हा झुकतात. आधी मनगट, मग बोटं, हा क्रम बहुतेक सर्जन पाळतात.

६. आमवात आहे आणि करंगळी अचानक सरळ होईना. वाट पाहू का?

पाहू नका. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला वर आलेल्या अल्नाच्या खरबरीत टोकावर घासून बोटं सरळ करणारी शीर (रक्तवाहिनी नव्हे; स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, टेंडन) तुटते. पहिली करंगळीची, मग अनामिकेची, मग पुढची. दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. एक शीर तुटलेली असताना दुरुस्ती सोपी असते. तीन तुटल्यावर निकाल बराच कमी येतो. त्या आठवड्यातच हाताच्या सर्जनना दाखवा.

७. पूर्ण न जोडता अर्धवट जोडता येत नाही का?

येतं, आणि शक्य असेल तिथे आधी त्याचाच विचार करावा. सांध्याचा एकच भाग खराब असेल तर तेवढाच जोडून बाकीचा हलता ठेवतात. सर्वांत जास्त केली जाते ती चार हाडांची जोडणी: झिजलेलं स्कॅफॉइड काढून टाकायचं आणि उरलेल्यांपैकी चार हाडं एकमेकांना जोडायची. साधारण निम्मी हालचाल राहते. दुसरा मार्ग म्हणजे पहिल्या ओळीतली तीन हाडं काढून दुसरी ओळ थेट रेडियसवर बसवणं. यात काही जुळावं लागत नसल्याने हात लवकर कामाला लागतो. आमवातात कधी कधी रेडियसलगतचा भागच जोडतात.

अट एकच: जो भाग हलता ठेवायचा, तिथली कूर्चा चांगली हवी. ती नसेल तर अर्धवट जोडणी म्हणजे अर्धवट दुखणं. पुढे त्रास वाढला तर पूर्ण जोडणीचा रस्ता उघडा राहतोच.

वेदना वाहणाऱ्या बारीक नसा छाटण्याचा छोटा उपायही आहे. सांधा तसाच राहतो, दुखणं काहींचं कमी होतं. आधी भूल देणारं इंजेक्शन देऊन फरक पडतो का, ते पाहतात.

८. गुडघा बदलतात तसं मनगट बदलून का देत नाहीत?

देतात, पण गुडघ्याइतका भरवसा अजून नाही. मनगटाची हाडं लहान, त्यात बसवलेले भाग सैल पडण्याची शक्यता जास्त. वजन उचलण्यावर कायमची मर्यादा येते. हलकी कामं करणाऱ्या, दोन्ही मनगटं खराब असलेल्या वयस्क रुग्णाच्या एका हाताला तो चांगला पर्याय ठरू शकतो. गवंडी, शेतकरी, मेकॅनिक यांनी त्या वाटेला जाऊ नये.

९. मनगट कोणत्या कोनात जोडतात?

बहुधा १० ते १५ अंश मागे झुकलेलं आणि किंचित करंगळीकडे वळलेलं, कारण मूठ त्याच स्थितीत घट्ट बसते. टेबलावर हात ठेवून काचेचा ग्लास पकडा, तुमचं मनगट आपोआप तसं होईल. आमवातात पुष्कळदा सरळ रेषेतच जोडतात. तिथे हाडात सळई घालून स्थिर करण्याची जुनी पद्धतही चालते आणि सळई सरळच असते. तुम्ही हाताने नेमकं काय काम करता, ते शस्त्रक्रियेआधी सर्जनना सविस्तर सांगा. एकदा जुळल्यावर कोन बदलणं म्हणजे हाड कापणं.

१०. दोन्ही मनगटं खराब आहेत. दोन्ही जोडतात का?

दोन्ही एकदम नाही, आणि दोन्ही एकाच कोनात तर नाहीच. इथे लाजून चालत नाही: शौचानंतर पाण्याने धुण्यासाठी एक मनगट थोडं वाकावं लागतं. ज्या हाताने धुता, तो सरळ किंवा किंचित पुढे वाकलेला जोडतात, नाहीतर त्याची थोडी हालचाल टिकवण्याचा मार्ग (प्रश्न ७, ८) शोधतात. आपल्याकडे हा बहुधा डावा हात. डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. वयस्क बायका हे पुरुष डॉक्टरांसमोर बोलत नाहीत, म्हणून मुलीने-सुनेने विषय काढावा. घरी जेट स्प्रे बसवला तर पुष्कळ सोपं होतं.

११. शस्त्रक्रिया किती मोठी असते? पूर्ण भूल देतात का?

साधारण दीड ते दोन तास. बहुतेकांना खांद्याजवळ इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करतात. मनगटाच्या मागच्या बाजूला उभा छेद घेतात. भरायचं हाड रेडियसच्या टोकातूनच मिळतं. जास्त लागलं तर कमरेच्या हाडातून घेतात, आणि मग काही दिवस हातापेक्षा कंबरच जास्त ठणकते. एक-दोन दिवसांत घरी सोडतात.

बरीच वर्षं आमवात असेल तर मानेचा एक्स-रे काढला का, हे आवर्जून विचारा. या आजारात मानेचे वरचे मणके सैल होतात आणि पूर्ण भूल देताना मान मागे करणं धोक्याचं ठरू शकतं.

१२. आमवाताच्या गोळ्या आधी बंद करायच्या का?

स्वतःहून काहीच बंद करू नका. मेथोट्रेक्सेट बहुतेक वेळा चालूच ठेवतात. बायोलॉजिक इंजेक्शनं चालू असतील तर पुढचा डोस येतो त्या सुमारास शस्त्रक्रिया करतात आणि जखम भरल्यावर इंजेक्शन पुन्हा सुरू करतात. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच महिने चालू असतील तर त्या अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. संधिवाताचे डॉक्टर आणि सर्जन यांनी एकमेकांशी बोलून कागदावर लिहून द्यावं, असा आग्रह धरा. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांबद्दलही तसंच.

१३. तंबाखूने हाताच्या हाडाला काय होणार?

निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो, कधी ते जुळतच नाही. सिगारेट-बिडी तर आहेच, पण गायछाप मळणारे आणि सकाळी मिसरी लावणाऱ्या आजी स्वतःला त्यात धरत नाहीत. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. निदान महिनाभर आधी बंद आणि हाड जुळेपर्यंत बंद. हे होणार नसेल तर तारीख पुढे ढकललेली बरी.

१४. नंतरचे तीन महिने कसे जातात?

पहिले काही दिवस हात छातीच्या वर ठेवायचा, झोपताना उशीवर. बोटं त्याच दिवसापासून हलवायची: पूर्ण मूठ, पूर्ण सरळ, तासातासाला. बांधलेल्या हाताला सगळे जपतात आणि नेमकी बोटंच आखडतात. मनगट तर ताठ होणारच आहे, बोटंही आखडली तर शस्त्रक्रियेचा फायदा काय? कोपर आणि खांदाही हलवत राहा.

अंगठ्या, बांगड्या, पाटल्या आदल्या दिवशीच काढून ठेवा. सूज आल्यावर त्या कापाव्या लागतात. हिरव्या बांगड्या उतरवायला मन घेत नसेल तर दुसऱ्या हातात घाला.

टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. प्लॅस्टर किंवा स्प्लिंट साधारण सहा आठवडे. प्लेट भक्कम बसली असेल तर काही सर्जन लवकर काढता-घालता येणारं स्प्लिंट देतात. सहाव्या आणि बाराव्या आठवड्याच्या आसपास एक्स-रे होतो. तोवर चहाचा कप चालेल, पाण्याची बादली नाही. पकडीची ताकद वर्षभर हळूहळू वाढत राहते. ती दुसऱ्या हाताइतकी क्वचितच होते, पण दुखऱ्या मनगटापेक्षा बहुतेकांची सुधारते.

बोटं बधिर किंवा निळसर झाली, ताप आला, पट्टीतून पू येऊ लागला, किंवा गोळी घेऊनही दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

१५. पोळ्या, भाकरी, धुणं, नमस्कार... काय जमतं, काय नाही?

जेवण जमतं. वरणभाताचा घास बोटं आणि कोपराच्या जोरावर तोंडापर्यंत जातो. कपडे पिळणं पुढच्या हाताच्या फिरण्यावर होतं, तेही जमतं. पोळ्या ओट्यावर, उभ्याने लाटाव्यात. जमिनीवर बसून लाटताना मनगट मागे वाकावं लागतं. कणीक तळव्याच्या टाचेने न मळता मुठीने मळा. थापून केलेल्या भाकरीला नवी सवय लागते, हात पूर्ण सपाट टेकण्यासाठी कोपर खाली न्यावा लागतो. काही जणी प्लॅस्टिकच्या कागदावर थापून मोकळ्या होतात.

अडतं ते इथे: जमिनीवर तळवा टेकून उठणं (मूठ टेका), अरुंद बरणीत हात घालणं, पाठीमागचे हुक लावणं, वेणी घालणं, पाठीमागच्या खिशातून पाकीट काढणं. छातीशी हात जोडताना मनगट जवळजवळ काटकोनात मागे जातं, म्हणून नमस्कारात बोटं वर न जाता समोर येतात. देव काही म्हणत नाही. सूर्यनमस्कार मुठींवर किंवा कोपरांवर घालता येतात.

१६. स्कूटर कधी चालवू? आणि शेतीचं काम?

स्कूटर हाड जुळल्याशिवाय नाही, म्हणजे साधारण तीन महिने. उजवा हात असेल तर अॅक्सिलरेटर मनगटाऐवजी अख्ख्या हाताने फिरवायला शिकावं लागतं. आधी रिकाम्या मैदानात सराव करा आणि जोरात ब्रेक दाबताना बोटं कमी पडत नाहीत ना, ते पाहा.

जड काम करणाऱ्यांसाठी पूर्ण जोडणी हाच सगळ्यांत दणकट पर्याय आहे. कुदळ, फावडं, पोती उचलणं चार ते सहा महिन्यांनंतर हळूहळू सुरू होतं. खुरपणीत मनगट लागतं, ती हळू होते. धार काढणं बोटांचं काम आहे, ते जमतं.

१७. जोडणी होऊन सहा महिने झाले, तरी दुखतंय. फसली का?

प्लेटने केलेली जोडणी दहातल्या नऊहून जास्त जणांत जुळते. तरी दुखत असेल तर कुठे दुखतं, ते एका बोटाने दाखवा. मधोमध, जोर लावल्यावर दुखत असेल तर हाड पूर्ण जुळलं नसण्याची शक्यता. साध्या एक्स-रेत कळलं नाही तर सीटी स्कॅनमध्ये कळतं. करंगळीकडच्या बाजूला, हात पालथा-उताणा करताना दुखत असेल तर दोष बहुधा रेडियस-अल्नाच्या सांध्यात आहे. तो जोडणीत येत नाही, आणि शस्त्रक्रियेआधी तपासायचा राहून जाणं हे दुखणं उरण्याचं नेहमीचं कारण आहे. मागच्या बाजूला बोटं हलवताना टोचत असेल तर प्लेट शिरांना घासत असेल. रात्री अंगठा आणि शेजारची बोटं झिणझिणत असतील तर नस दबलेली असू शकते. अख्खा हात लाल, चकचकीत, हात लावू न देणारा झाला असेल, तर तो वेगळाच आजार आहे आणि त्याला लवकर फिजिओथेरपी व औषधं लागतात.

१८. प्लेट काढावी लागते का? एमआरआय, विमानतळ?

त्रास नसेल तर काढत नाहीत. शिरांना घासणारी, बांगडी-घड्याळाखाली टोचणारी किंवा स्क्रू सैल झालेली प्लेट हाड पक्कं जुळल्यावर काढतात. आजच्या स्टील आणि टायटॅनियमच्या प्लेटा असताना एमआरआय करता येतो. तंत्रज्ञांना आधी सांगा. विमानतळावर मशीन वाजलंच तर डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

१९. पक्षाघाताने किंवा नसेच्या इजेने मनगट वाकलंय किंवा लोंबतंय. जोडून सरळ करता येईल का?

काहींचं येईल आणि फायदाही होईल: हात धुता येतो, बाही घालता येते, दिसायलाही बरं. पण इथेच सगळ्यात जास्त सावध राहायला हवं. मानेच्या मणक्याला इजा होऊन बोटं लुळी पडलेले काही रुग्ण मनगट मागे वाकवून वस्तू पकडतात: मनगट मागे गेलं की बोटं आपोआप मिटतात. त्यांचं मनगट जोडलं तर असलेली एकुलती पकड जाते. पक्षाघातातही काही जण मनगट पुढे वाकवूनच मूठ उघडतात, त्यांना आधी स्प्लिंट घालून बोटं उघडतात का ते बघतात. आणि फक्त रेडियल नस गेल्याने मनगट लोंबत असेल तर चालू असलेली शीर वळवून मनगट उचलता येतं. सांधा चांगला असताना तो बंद करायची गरज नसते.

२०. मुलगा तेरा वर्षांचा आहे, मनगट वाकडं आहे. आत्ताच करून घेऊ का?

रेडियसच्या टोकाशी हाड वाढण्याची पट्टी असते, आणि या हाडाची बरीचशी लांबी तिथूनच येते. तिला धक्का लागला तर हात आखूड राहतो. वाढ संपेपर्यंत, मुलांमध्ये साधारण १७-१८ वर्षांपर्यंत, स्प्लिंट, व्यायाम आणि शिरांच्या शस्त्रक्रियांवर निभावतात. लवकर करणं भागच असेल तर ती पट्टी वाचवून करतात.

२१. खर्चाचं काय? अपंगत्वाचा दाखला मिळतो का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. तुमची शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसते आणि ते रुग्णालय त्यासाठी यादीत आहे का, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. नंतर केलेली धावपळ बहुधा वाया जाते. प्लेटचा खर्च धरलाय की वेगळा, हेही तेव्हाच विचारा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्व लागतं. टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवतं. फक्त एक मनगट जोडलं म्हणजे तेवढे टक्के भरतील, असं गृहीत धरू नका.

२२. पुढेमागे पश्चात्ताप झाला तर मनगट पुन्हा सुटं करता येईल का?

व्यवहारात नाही. जुळलेलं हाड कापून कृत्रिम सांधा बसवण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण त्यावर भिस्त ठेवून होकार देऊ नये. म्हणूनच प्रश्न ३ मधली चाचणी आधी करा.